चहाच्या सुट्टीत काय करायचं? पहिल्या परिषदेला एकटीने निघालेल्या आर्काइव्हिस्टसाठी

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारी मुलगी सातारा जिल्ह्यातल्या एका खासगी न्यासाच्या संग्रहात दीडेक वर्ष मोडी कागदांची सूची करते आहे. संस्था तिला दिल्लीतल्या तीन दिवसांच्या राष्ट्रीय परिषदेला पाठवते आहे. निबंध वाचायचा नाही, सोबत कोणी नाही, तिथे ओळखीचं कोणी नाही, इंग्रजी बेताचं. शेवटी ती विचारते, ‘सत्रं ऐकेन हो, पण चहाच्या सुट्टीत मी काय करू?’

बुजरेपणावर माझ्याकडे औषध नाही आणि त्याची फारशी गरजही नाही. आपल्या धंद्यातली निम्मी माणसं बुजरीच असतात, म्हणून तर कागदांत रमतात. तुमच्या पत्रातलं मला महत्त्वाचं वाटलं ते मधलंच एक वाक्य, ‘इथे हे काम करणारी मी एकटीच.’ दीड वर्षात रुमाल (जुने कागद बांधून ठेवलेलं कापडी गाठोडं) सोडल्यावर आतल्या कागदांचा क्रम तसाच ठेवायचा की लावून घ्यायचा, फाटलेल्या कडेला काही करायचं की नुसतं पाकिटात घालायचं, तारीख कशी लिहायची, हे सगळं तुम्ही एकटीने ठरवलंत. बरोबर म्हणायला कोणी नाही आणि चूक म्हणायलाही कोणी नाही. दिल्लीला एकटं जाणं हे तीन दिवसांचं आहे, कामातलं एकटेपण त्याहून मोठं आहे. परिषदेचा उपयोग त्यासाठी करून घ्या. इतरांनी हेच निर्णय कसे घेतले आणि का घेतले, ते विचारून या. एवढं डोक्यात पक्कं असलं की चहाच्या सुट्टीचा प्रश्न बराचसा आपोआप सुटतो.

आता काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत. पहिली म्हणजे परिषद कोणाची आहे. आपल्याकडे निव्वळ आर्काइव्हिस्ट लोकांच्या सभा कमी, त्यामुळे आपण कधी इतिहासवाल्यांच्या, कधी ग्रंथपालांच्या, कधी संवर्धनवाल्यांच्या मांडवात जाऊन बसतो. इतिहासवाल्यांची अखिल भारतीय परंपरा जुनी. इंडियन हिस्ट्री काँग्रेसचं पहिलं अधिवेशन १९३५ साली पुण्यातच, भारत इतिहास संशोधक मंडळाच्या पुढाकाराने भरलं. त्याआधी १९१९ मध्ये सरकारने इंडियन हिस्टॉरिकल रेकॉर्ड्स कमिशन नेमलं होतं, त्यात दप्तरं सांभाळणारे आणि ती वापरणारे एकत्र बसत. पण शुद्ध इतिहासाच्या परिषदेत आजही आपली जागा बहुधा निबंधाच्या शेवटच्या ऋणनिर्देशात असते. तेव्हा कार्यक्रमपत्रिका हाती आली की आधी वक्त्यांची पदं वाचा. प्राध्यापक जास्त असतील तर तुमच्याकडे ‘साधनं असलेली व्यक्ती’ म्हणून पाहिलं जाईल. अभिलेखाधिकारी, संवर्धक, डिजिटायझेशनवाले जास्त असतील तर तुम्ही त्यांच्यातल्याच एक. दोन्हीकडे जाण्यात अर्थ आहे, फक्त तयारी वेगळी.

दुसरी गोष्ट, पैसे कोण देतंय. संस्था देत असेल तर परत आल्यावर तिला काहीतरी दाखवावं लागेल, ते पुढे सांगते. स्वतःच्या खिशातून जात असाल तर एक दिवस कमी राहिलात तरी चालेल. समारोपाला थांबायची सक्ती नाही. पण प्रमाणपत्र बहुतेक ठिकाणी समारोपातच वाटतात, आणि प्रवासखर्चाच्या बिलाला तेच जोडावं लागतं, हे तिकीट काढण्याआधी लक्षात घ्या.

तयारीचं म्हणाल तर एका कागदावर तीन अडलेले प्रश्न लिहा. ‘डिजिटायझेशनबद्दल मार्गदर्शन हवं’ असलं काही नको. टेबलावर रोज अडतं ते लिहा. एक नमुना देते, कारण हा प्रश्न तुम्हाला नक्कीच पडला असणार. पेशवाईतलं एक पत्र आहे. त्यावर ‘सन इहिदे सितैन मया व अलफ’ आहे. अरबी अंकशब्दांत लिहिलेलं हे वर्ष, म्हणजे मराठी कागदांत चालणाऱ्या शुहूर कालगणनेतलं सन ११६१. शुहूर वर्ष मृग नक्षत्रापासून सुरू होतं, म्हणून पत्र मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतचं असेल तर ५९९ मिळवायचे, इसवी सन १७६० येतं. जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतचं असेल तर ६०० मिळवायचे, १७६१ येतं. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ची, म्हणजे हेच शुहूर वर्ष. आता पत्रात महिना आणि ‘छ’ पुढचा चंद्र (चांद्र महिन्यातली तारीख) शाबूत असेल तर जंत्री (तारखा जुळवून देणारा तक्ता) काढून नेमकी तारीख मिळते. पण नेमकी ती कड वाळवीने खाल्लेली असेल तर? ‘तारीख’ या एका खान्यात काय भरणार? १७६०? १७६०-६१? की मूळ शब्दच? आणि शोधणाऱ्याने १७६१ टाइप केलं तर त्याला हे पत्र सापडणार का?

अभिलेखांची आंतरराष्ट्रीय वर्णनपद्धत, ज्याला सगळे ‘इसाड जी’ (ISAD(G)) म्हणतात, त्यात एकूण सव्वीस घटक आहेत आणि त्यांतले सहा अत्यावश्यक मानलेत: संदर्भ क्रमांक, शीर्षक, निर्माता, तारीख, व्याप आणि वर्णनाची पातळी. तारीख त्या सहांत आहे, पण शुहूर, फसली, शके आणि हिजरी अशा चार कालगणना एकाच रुमालात निघाल्या तर काय करायचं हे तिथे कोणी लिहून ठेवलेलं नाही. ते प्रत्येक संस्थेने आपापलं ठरवलंय. माझी पद्धत अशी की मूळ कालनिर्देश जसाच्या तसा एका खान्यात ठेवायचा, शोधासाठी ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ असे दोन खाने वेगळे करायचे आणि रूपांतर कोणी, कशावरून केलं ते टिपेत लिहायचं. पण मला हे पटतं म्हणून तुमच्या संग्रहाला पटेलच असं नाही. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तर हाताळणारे, गोव्याच्या पुराभिलेखागारात पोर्तुगीज कागदांबरोबर मोडीही पाहणारे, संस्थानी दप्तरांत काम करणारे, यांच्यापैकी जो भेटेल त्याला हाच एक प्रश्न विचारा. उत्तरं वेगळी येतील, आणि फरक का पडतो ते ऐकण्यात खरी कमाई आहे.

उरलेले दोन प्रश्न तुमचे तुम्ही निवडा. पूर्वी कोणी प्रेमाने चिकटवलेला सेलोटेप, पावसाळ्यात खोलीत वाढणारी आर्द्रता, पूर्वीच्या सूचीकाराने घातलेले क्रमांक बदलावेत की नाही, असं काहीही चालेल. अट एकच, की प्रश्न अर्ध्या मिनिटात सांगून झाला पाहिजे.

त्याबरोबर स्वतःची ओळख तीन वाक्यांत बसवा आणि मोठ्याने म्हणून पाहा. कुठून आले, संग्रहात काय आहे, सध्या काय करते आहे. पदनामापेक्षा संग्रह सांगा. ‘मी प्रोजेक्ट असिस्टंट आहे’ म्हटल्यावर समोरचा ‘अच्छा’ म्हणून थांबतो. ‘आमच्याकडे एका इनामदार घराण्याचे मोडी रुमाल आहेत, त्यांची यादी करतेय’ म्हटलं की पुढचा प्रश्न तोच विचारतो. इंग्रजीचं म्हणाल तर ही तीन वाक्यं इंग्रजीत लिहून नीट पाठ करा, बाकी हिंदीवर निभावतं. व्यासपीठावर इंग्रजी चालतं, जेवणाच्या रांगेत हिंदी, आणि कोपऱ्यातल्या टेबलावर बहुतेक वेळा मराठीसुद्धा. गंमत अशी की दिल्लीत तुम्हाला पुण्याचीच माणसं भेटतील. रिझर्व्ह बँकेचा अभिलेखसंग्रह पुण्यात, टाटांचं केंद्रीय अर्काइव्ह पुण्यात, राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात, भांडारकर प्राच्यविद्या संस्था आणि भारत इतिहास संशोधक मंडळ तर आहेतच. साताऱ्याहून पुण्यापर्यंत एसटीने जाता येतं, पण जायला निमित्त लागतं. ते निमित्त दिल्लीत मिळतं.

आता प्रत्यक्ष तिथे. पहिल्या दिवशी सकाळी नोंदणीच्या टेबलाशी लवकर जा. तिथे गर्दी नसते, आयोजकांपैकी कोणाशी दोन शब्द होतात आणि बिल्ल्यावरचं नाव चुकलं असेल तर बदलून मिळतं. उद्घाटन लांबणार हे गृहीत धरा. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, प्रमुख पाहुण्यांचं भाषण, मग आभार, आणि या सगळ्याची किंमत पहिल्या सत्रातले वक्ते मोजतात, वीस मिनिटांचा निबंध आठ मिनिटांत. तुमच्या उपयोगाचा वक्ता नेमका त्या सत्रात असेल तर हिरमुसू नका. ज्याला बोलायला वेळ मिळालेला नसतो तो नंतर ऐकणारा कोणी भेटला तर खूश होतो. त्याला जाऊन म्हणा, ‘तुमच्या शेवटच्या चार स्लाइड्स पाहायच्या राहिल्या.’ चहाच्या सुट्टीची सुरुवात करायला याहून सोपी वाट मला माहीत नाही.

बीजभाषण करणाऱ्या बड्या माणसाभोवती घोळका असतो, तिथे ताटकळू नका. तुमच्यासारख्याच आकाराच्या संस्थेतून आलेली व्यक्ती शोधा. एक-दोन माणसं, एक खोली, एक स्कॅनर, मोजका निधी. लाखो फायलींच्या संस्थेचं यश ऐकायला छान असतं, पण तिथली व्यवस्था तुमच्या खोलीत मावत नाही. आणि प्रयोगशाळेतले, दुरुस्ती करणारे कर्मचारी आले असतील तर त्यांच्याशी आवर्जून बोला. पूर्वी आपल्या सरकारी संग्रहांत सेल्युलोज अॅसिटेट आणि अॅसिटोन वापरून कागद लॅमिनेट करायची पद्धत सर्रास होती. आता तसे जुने कागद समोर आले की काय करावं, जपानी टिश्यू (दुरुस्तीचा पातळ कागद) आणि खळ कधी वापरावी, कधी हातच लावू नये, हे निबंधात दोन ओळींत उरकतात. ज्यांच्या बोटांना खळ लागलेली असते ते पंधरा मिनिटं सांगतात.

प्रश्नोत्तरांत उठून विचारायचं का? पहिल्या दिवशी नाही विचारलं तरी चालेल. दुसऱ्या दिवशी एक प्रश्न जरूर विचारा, आणि विचारताना नाव, संस्था आणि गाव स्पष्ट सांगा. त्यामागचा हिशेब सरळ आहे. आपण लोकांकडे जाऊ शकत नाही असं वाटत असेल तर लोकांना आपल्याकडे येता यावं. सभागृहात कोणाकडे तसलेच कागद असले तर जेवणाच्या वेळी ती व्यक्ती तुम्हाला शोधत येते. प्रश्न मात्र प्रश्नच असू द्या. आपल्याकडे माइक हातात आल्यावर भाषण करणाऱ्यांची वाण नाही.

इथपर्यंत तुम्ही काय घ्यायचं ते सांगितलं. आता काय द्यायचं नाही ते सांगते, आणि हे जरा सविस्तर, कारण पहिल्यांदा जाणाऱ्यांना हे सहसा कोणी सांगत नाही.

‘आमच्याकडे मोडी रुमाल आहेत’ हे वाक्य उच्चारलंत की अभ्यासक तुमच्याभोवती गोळा होतील. बहुतेक सज्जन असतात. पण तिसऱ्या मिनिटाला ‘त्यातलं अमुक सालचं काही आहे का, मला व्हॉट्सअॅपवर टाका ना’ हे येतंच. ज्येष्ठ संशोधक, वयाने मोठे, प्रेमाने ‘बाळ’ म्हणणारे, त्यांना नाही म्हणणं जड जातं. म्हणून उत्तर आधीच ठरवून जा: ‘सर, संस्थेच्या नावाने पत्र पाठवा, मी स्वतः पुढे ठेवते.’ हसून म्हणा आणि तेच पुन्हा म्हणा. तुमचा न्यास खासगी आहे. १९९३ चा सार्वजनिक अभिलेख कायदा केंद्र सरकारच्या कागदांसाठी आहे, तुमच्या रुमालांचे नियम त्यात सापडणार नाहीत. कोणाला काय दाखवायचं, प्रत कोणत्या अटीवर द्यायची, हे विश्वस्तांनी ठरवायचं असतं. घराण्याने कागद देताना काही अटी घातल्या असतील, वाटणीचे, दत्तकाचे, कोर्टकज्ज्यांचे कागद असतील. ते फोनवरून पाठवायचा अधिकार तुमचा नाही. जाण्याआधी सचिवांना स्पष्ट विचारून घ्या: संग्रहाबद्दल बाहेर किती सांगायचं आणि कोणती छायाचित्रं दाखवायची. दोन-तीन मंजूर छायाचित्रं वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि तेवढीच दाखवा. सगळी गॅलरी उघडून समोरच्याच्या हातात फोन देऊ नका, माणूस पुढे सरकवत जातो.

अशा सभांना संग्राहकही येतात आणि जुन्या कागदांची खरेदी-विक्री करणारेही. ‘याची किंमत किती येईल’ या विषयात शिरू नका. कोणता दस्तऐवज कुठल्या कपाटात आहे, रखवालदार कधी असतो, हेही गप्पांच्या ओघात सांगायचं नाही. हे संशयी वाटेल, पण संग्रह तुमच्या ताब्यात आहे, मालकीचा नाही.

बाहेर स्टॉल असतात, स्कॅनिंग कंपन्यांचे, सॉफ्टवेअरवाल्यांचे, आम्लमुक्त खोक्यांचे. पुस्तिका घ्यायच्या, दर विचारायचे, सही कशावरही करायची नाही. स्कॅनिंगवाल्याला दर पानाच्या भावाच्या पुढचं विचारा: शिवलेलं बाड उसवणार की तसंच वरून टिपणार? कागद ओढून घेणारं यंत्र वापरता का? (हो म्हणाला तर पुढच्या स्टॉलकडे वळा, जीर्ण कागदाला ते यंत्र चालत नाही.) मूळ टिफ (पूर्ण दर्जाच्या स्कॅनच्या) फायली कोणाकडे राहणार? घडी पडलेला कागद कोण उलगडणार, त्यांचा माणूस की आमचा? सॉफ्टवेअरवाल्याला एवढंच विचारा की उद्या तुमची सेवा बंद केली तर आमच्या सगळ्या नोंदी साध्या तक्त्यात बाहेर काढता येतील का, आणि ते करून दाखवा म्हणा. आणि मोडी ‘आपोआप वाचणारं’ काही कोणी दाखवलं तर तुमच्या मंजूर छायाचित्रांतलं एक त्याच्यासमोर ठेवा.

राहण्याबद्दल थोडक्यात. एकटी मुलगी, अनोळखी शहर, तेव्हा आयोजकांनी सुचवलेल्या अतिथिगृहातच राहा, खोली थोडी साधी असली तरी. संध्याकाळच्या अनौपचारिक बैठकींना जायचं की नाही हे तुमच्या मनावर. न गेल्याने कामाचं नुकसान होत नाही. तीन दिवस सतत लोकांत राहून थकायला होतं, एखादं संध्याकाळचं जेवण खोलीत एकटीने केलंत तर त्यात कमीपणा नाही. हॉटेलचं बिल संस्थेच्या नावाने घ्या, नंतर लेखापाल ऐकत नाहीत.

सुट्टी मिळत असेल तर एक दिवस जास्त ठेवा आणि जनपथावरचं राष्ट्रीय अभिलेखागार पाहून या. १८९१ मध्ये कलकत्त्यात इम्पीरियल रेकॉर्ड डिपार्टमेंट म्हणून सुरू झालेली ही संस्था. दिल्लीतली तिची इमारत १९२६ ची, ल्यूटन्सच्या आराखड्याची. जाण्याआधी घरूनच त्यांच्या ‘अभिलेख पटल’ या पोर्टलवर साताऱ्याशी संबंधित काही शोधा, क्रमांक टिपून ठेवा आणि संशोधन कक्षात वाचक म्हणून मागणी नोंदवा. आपण रोज कागद देणाऱ्या बाजूला असतो, मागणाऱ्या बाजूला बसलं की चिठ्ठीत कोणता रकाना निरर्थक आहे, वाट पाहताना काय कळायला हवं होतं, हे लगेच दिसतं. संवर्धन विभाग पाहता येईल का ते परिषदेत भेटलेल्या तिथल्या कोणाला आधी विचारून ठेवा. आणि त्यांच्या अभिलेखशास्त्राच्या शाळेत एक वर्षाची पदविका आणि लहान मुदतीचे अभ्यासक्रम चालतात, त्याचीही चौकशी करून या. दीड वर्ष शिकत-शिकत काम केलेल्या माणसाला त्याचा नवख्यापेक्षा जास्त फायदा होतो.

परत आल्यावर आठवड्याच्या आत, ज्यांच्याशी खरंच बोलणं झालं अशा थोड्याच लोकांना मेल करा. ‘भेटून आनंद झाला’ एवढ्यावर थांबू नका. काय बोललो होतो ते एका ओळीत आणि तुमच्याकडून काहीतरी एक. त्यांनी विचारलेल्या शब्दाचा मोडी कागदांतला अर्थ, तुमच्या सूचीच्या खान्यांचा नमुना, काहीही. संग्रहातले कागद सोडून.

विश्वस्तांसाठी अहवाल दीड पानाचा पुरे. कोणी काय भाषण केलं ते लिहू नका, ते वाचत नाहीत. तीन भाग करा: पैसे न लागता या महिन्यात करता येईल ते, थोड्या खर्चात होईल ते, आणि मोठ्या खर्चाचं, पण पुढे कधीतरी करावं लागेल ते. पहिल्यात तारखेच्या खान्यांची नवी मांडणी आणि कागद पाहू देण्याचे लेखी नियम येतील. दुसऱ्यात खोलीतली आर्द्रता मोजणारं साधं यंत्र, म्हणजे पावसाळ्यातल्या बुरशीबद्दल तुम्ही अंदाजाने बोलणार नाही, रोजच्या आकड्यांनी बोलाल. तिसऱ्यात स्कॅनिंग, स्टॉलवर विचारलेल्या उत्तरांसकट.

अहवालाची एक प्रत स्वतःच्या फायलीत ठेवा. पुढच्या वर्षी निबंधांसाठी सारांश मागवतील तेव्हा विषय शोधत बसू नका. एकाच रुमालात चार कालगणना निघाल्या तेव्हा तुमच्या संस्थेने शेवटी काय ठरवलं आणि कोणाकोणाला विचारून ठरवलं, एवढं लिहून पाठवा.